सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्याची जागा कशी ठरवावी? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकाशावर घर बसतं, पार्किंग बसतं, तुळशीवृंदावन बसतं. मग उरलेल्या कोपऱ्यात मिस्त्री चुन्याने एक चौकोन आखतो आणि म्हणतो, "टाकी इथं घेऊया." पुढे लोक जे प्रश्न घेऊन येतात, त्यातले बहुतेक त्या चौकोनातून निघालेले असतात. मी या भागात बरीच वर्षं घरांची कामं बघतोय. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एका ठिकाणी लिहून ठेवले आहेत.

टाकी पक्की बांधली की झालं ना? शोषखड्ड्याचं एवढं काय?

टाकीत मैला साफ होत नाही, नुसता निवळतो. जड गाळ तळाला बसतो, तेलकट साय वर येते आणि मधलं गढूळ पाणी पाइपातून पुढे शोषखड्ड्यात, म्हणजे ते जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात, जातं. ते दिसायला बरं दिसलं तरी रोगजंतू त्यात असतातच. त्यांना खरं अडवते ती माती. मातीतून हळूहळू झिरपताना पाणी गाळलं जातं आणि मातीतले जिवाणू उरलेली घाण खातात. त्यामुळे जागा निवडायची म्हणजे माती निवडायची. टाकीला थोडं इकडे तिकडे चालतं, मुरण्याच्या जागेला चालत नाही.

टाकीचं माप मात्र ठरलेलं आहे. भारतीय मानक आयएस २४७० प्रमाणे पाच माणसांच्या घराला आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर एवढी टाकी धरतात. तळाला काँक्रीट आणि आतून गिलावा हवाच. "आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही" असं कौतुकाने सांगणारे भेटतात. न भरणारी टाकी म्हणजे फुटकी टाकी. तिच्यातलं सगळं खाली जमिनीत चाललेलं असतं.

आमच्या गावची माती चालेल का?

एकाच जिल्ह्यात चार तऱ्हेची जमीन आहे, म्हणून याला एका वाक्यात उत्तर नाही.

निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीकडे काळी माती. कन्नड बोलणारा जेसीबीवाला "एरी" म्हणाला की हीच समजायची. उन्हाळ्यात हिच्या भेगांत मनगटापर्यंत हात जातो आणि पाणी ओतलं की गडप होतं. पावसाळ्यात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि वर ओतलेलं पाणी तसंच उभं राहतं. मे महिन्यात झकास चाललेला शोषखड्डा जुलैत संडासाच्या भांड्यातून पाणी परत पाठवतो तो यामुळे. अशा जागी आधी एक खड्डा मारून काळा थर किती जाड आहे ते बघा. चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर काम सोपं होतं. दहा फूट काळीच असेल तर शोषखड्ड्याचा विचार सोडा आणि खडीचा फिल्टर किंवा भराव घालून केलेला उंचवटा यांचा हिशेब मांडा.

तांबडी, मुरमाड, ज्याला कन्नडात मसारी म्हणतात ती जमीन सगळ्यात बरी. पाणी घेते, पण घाई करत नाही.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभा. इथे दुखणं नेमकं उलटं आहे. जांभ्याला भोकं आणि चिरा असतात, त्यातून पाणी इतकं भराभर जातं की गाळायला वेळच मिळत नाही. लोकांना वाटतं, "काय छान मुरतंय!" खाली चिकट, पांढरट-गुलाबी मातीचा थर लागला की ते पाणी तिथे अडतं, आडवं पसरतं आणि जवळच्या विहिरीत किंवा झऱ्यात निघतं. जांभ्यात खड्डा घ्यायचाच असेल तर तळाला आणि चारी बाजूंना हातभर जाड वाळू आणि बारीक मातीचं अस्तर द्यावं लागतं, आणि विहिरीपासूनचं अंतर नियमापेक्षा जास्त ठेवावं लागतं.

चौथी जमीन भाताच्या खाचरांची. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात प्लॉट पडलेत तिथली. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून फूटभर खाली एक घट्ट पाटा तयार झालेला असतो, पाणी धरून ठेवण्यासाठीच तो केलेला असतो. त्यावर मुरमाचा भराव टाकून प्लॉट विकतात. तुम्ही भरावात खड्डा घेता, पाणी भराभर मुरतं, खालच्या पाट्यावर अडतं आणि शेजाऱ्याच्या कंपाउंडच्या बुडातून बाहेर येतं. दोन घरांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय, आणि दोघांनाही कारण माहीत नव्हतं.

पाणी किती मुरतं ते घरच्या घरी बघता येतं का?

येतं. पहार, खुरपं, मोठा खिळा, मोजपट्टी, मोबाईल आणि एक दिवसाची सुट्टी एवढं पुरतं.

पिरनवाडीकडच्या एका प्लॉटवर आम्ही केलं ते सांगतो. पाणी मुरवण्यासाठीच्या लांब, उथळ चराचा तळ जिथे येणार तेवढ्या खोलीपर्यंत फूटभर रुंदीचा खड्डा घेतला. पहारीच्या घासण्याने खड्ड्याच्या भिंती लादीसारख्या चमकत होत्या. अशा भिंतीतून पाणी जात नाही, म्हणून खिळ्याने सगळीकडून खरवडल्या आणि सुटी माती हाताने बाहेर काढली. तळाला दोन इंच जाड वाळू टाकली, वाळूवर फूटभर पाणी भरलं आणि रात्रभर सोडलं. ही रात्र महत्त्वाची. कोरडी माती पहिल्यांदा कितीही पाणी पिते, तिला आधी तृप्त होऊ द्यावं लागतं.

सकाळी खड्डा कोरडा होता. वाळूवर अर्धा फूट पाणी भरलं, खड्ड्यावर काठी आडवी ठेवली आणि दर अर्ध्या तासाने काठीपासून पाण्यापर्यंत मोजत गेलो. प्रत्येक वेळी पाणी परत अर्ध्या फुटावर आणायचं. पहिल्या अर्ध्या तासात दोन इंच उतरलं. मालक खूश, घरी जायच्या तयारीत. चार तासांनी, शेवटच्या अर्ध्या तासात, पाऊण इंच. हिशेब या शेवटच्या आकड्याचाच धरायचा. पाऊण इंचाला तीस मिनिटं, म्हणजे एक इंचाला चाळीस.

साधारण एक इंच, मानकाच्या भाषेत २५ मिलिमीटर, उतरायला ३० मिनिटांपर्यंत लागत असतील तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटांत असेल तर खोल खड्डा नको, उथळ आणि लांब चर घ्या. ६० च्या वर गेलं तर ती जमीन नाही म्हणतेय. फिल्टर करा.

वाळूची जमीन असेल आणि अर्ध्या तासाच्या आत पाणी संपत असेल तर दर दहा मिनिटांनी तासभर मोजा. आणि एकाच खड्ड्यावर भिस्त ठेवू नका, प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत करून बघा. काळ्या मातीत ही चाचणी मे महिन्यात घेऊन फसू नका, शक्य असेल तर मृगाचे दोन-चार पाऊस पडून गेल्यावर घ्या.

मग जागा किती लागेल?

मानकातला ठोकताळा असा: एक इंच उतरायला ५ मिनिटं लागत असतील तर एक चौरस मीटर जमीन दिवसाला ९० लिटर पाणी घेते. १० मिनिटांना ६५ लिटर, ३० मिनिटांना ३७, ६० मिनिटांना २६.

पाच माणसं, माणशी १०० लिटर धरलं तर दिवसाला ५०० लिटर. मुरण्याचा वेग १० मिनिटांचा असेल तर साधारण पावणेआठ चौरस मीटर तळ लागतो. दोन फूट रुंदीचा चर घेतला तर लांबी १३ मीटर. पिरनवाडीच्या त्या प्लॉटवर, चाळीस मिनिटांच्या मातीत, हाच चर २६ मीटरचा झाला. म्हणजे ८५ फूट. त्याचे दोन तुकडे केले आणि मध्ये २ मीटर अंतर सोडलं. एकसलग चर ३० मीटरपेक्षा लांब करत नाहीत, शेवटपर्यंत पाणी पोचतच नाही.

चरात फक्त तळाचं क्षेत्र धरतात. शोषखड्ड्यात तळ धरायचा नाही, तो लवकर गाळाने लिंपून जातो. तिथे पाणी आत येतं त्याच्या खालच्या भिंतींचं क्षेत्र मोजतात.

चर उताराला आडवे काढा, शेतात बांध घालतो तसे. उताराच्या दिशेने काढले तर सगळं पाणी शेवटच्या टोकाला जाऊन तिथेच फुटतं.

विहिरीपासून, बोअरपासून किती लांब?

मानक म्हणतं, शोषखड्डा किंवा चर पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट. राहत्या घरापासून किमान ६ मीटर, म्हणजे वीस फूट. पायाखालची माती भिजत राहू नये म्हणून. टाकी स्वतः घट्ट असल्यामुळे घराच्या थोडी जवळ चालते, तरी पायाला चिकटून नको.

साठ फूट हा आकडा चांगल्या मातीसाठी आहे. जांभा असेल, फुटका काळा दगड असेल, तर मी शंभरच्या खाली तयार होत नाही. आणि मोजताना फक्त आपली विहीर मोजायची नाही. शेजाऱ्याची, मागच्या गल्लीतली, देवळाची, सगळ्या मोजा. पाणी सातबारा बघून वाहत नाही, आपल्याकडच्या पहाणी-उताऱ्यालाही विचारत नाही.

जमिनीचा उतार विहिरीकडे असेल तर अंतर असूनही जागा वाईटच. खड्डा नेहमी विहिरीच्या उतरणीला. बेळगाव शहरात उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी पडतं तेव्हा जुन्या वाड्यांतल्या विहिरींवरच भागतं, म्हणून शहरातल्यांनीही विहीर गेल्यात जमा धरू नये.

जमिनीतलं पाणी किती वर येतं ते कसं कळणार?

खड्ड्याच्या तळाखाली पावसाळ्यातही दोन मीटर कोरडी माती राहिली पाहिजे असं मी धरतो. ते तपासायला यंत्र लागत नाही.

शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "काका, श्रावणात तुमच्या विहिरीत पाणी कितव्या पायरीला येतं?" एवढं बरोबर उत्तर कुठल्याही नकाशात मिळत नाही.

मग जमीन बघा. लव्हाळा वाढलाय का? खेकड्यांची बिळं आहेत का? खड्ड्याच्या भिंतीत माती एकरंगी आहे की राखाडी आणि गंजक्या रंगाचे ठिपके दिसतात? ठिपके ज्या उंचीपासून सुरू होतात तिथपर्यंत दरवर्षी काही महिने पाणी उभं असतं, बघायला गेलात तेव्हा खड्डा कोरडा असला तरी. हा शिक्का माती पुसत नाही.

चिकोडी, अथणी, रायबागच्या उसाच्या पट्ट्यात, विशेषतः जमिनी क्षारपड झाल्यात तिथे, पाणी बारा महिने वरच असतं. तिथे खाली खणू नका, वर बांधा.

आमचं गाव नदीकाठी आहे. पुराचं काय?

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठी शोषखड्ड्याची जागा ठरवताना २०१९ ची पाण्याची खूण भिंतीवर शोधा आणि मुरण्याची जागा तिच्या वर घ्या. गावात तेवढी उंच जागाच नसेल तर निदान टाकीची झाकणं उंच घ्या आणि पाणी उलटं येऊ नये म्हणून पाइपला एकतर्फी झडप बसवा.

प्लॅस्टिकची तयार टाकी बसवणाऱ्यांना एक सांगायचंय. पुराच्या आधी "रिकामी करून ठेवूया" म्हणून टाकी उपसू नका. भोवती पाणी चढलं की रिकामी टाकी होडीसारखी जमिनीतून वर येते, पाइप तोडून. खाली काँक्रीटचा ओटा करून तिला पट्ट्यांनी बांधा आणि पूर येईल तेव्हा ती भरलेली राहू द्या. पूर ओसरल्यावर भोवतीची जमीन वाळेपर्यंत उपसा करू नये तोही याच कारणाने.

प्लॉट तीस बाय चाळीसचा आहे. कसं बसवायचं?

खरं सांगायचं तर बसत नाही. घरापासून वीस फूट आणि विहिरीपासून साठ फूट या दोन ओळींतच प्लॉट संपतो. यूजीडीची, म्हणजे भुयारी गटाराची, लाईन रस्त्यावर आली असेल तर जोडणी घ्या आणि हा विषय मिटवा. नसेल तर घट्ट टाकी, पुढे खालून वर पाणी चढणारा खडीचा फिल्टर, आणि ठरलेल्या वेळी गाडीने उपसा. दोन-चार प्लॉटवाल्यांनी मिळून लेआउटच्या मोकळ्या जागेत एकच मोठी व्यवस्था करणं सगळ्यात शहाणपणाचं. पण त्यासाठी चार जणांचं एकमत लागतं, आणि ते खडीपेक्षा महाग आहे.

वास्तूप्रमाणे वायव्येला सांगितलंय. तिथेच घ्यावी का?

वायव्येला माती चांगली आहे, उतार घरापासून लांब आहे आणि विहीर साठ फुटांपलीकडे आहे? मग खुशाल घ्या, घरातली मंडळीही समाधानी राहतील. वायव्येला विहीर असेल तर मी काकूंना एकच विचारतो, "तीर्थ त्याच विहिरीचं घेता ना?"

खूप खोल खड्डा घेतला तर जागा वाचेल ना?

खोलीबरोबर तुम्ही भूजलाच्या जवळ जाता आणि मातीतले काम करणारे जिवाणू मात्र वरच्या थरातच असतात, तिथे हवा पोचते म्हणून. चर अर्धा ते एक मीटर खोल असतात ते त्यासाठीच.

बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडलं तर?

नाही. शंभर फूट खाली मैला सोडून सगळ्या गल्लीच्या बोअरमध्ये तो पोचवायचा हा सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

न्हाणीचं, स्वयंपाकघराचं, छपराचं पाणी टाकीतच जाऊ द्यावं का?

छपराचं आणि अंगणाचं कधीच नाही. खानापूरकडच्या एका पावसात टाकी धुऊन निघते आणि सगळा गाळ चरात जाऊन बसतो. न्हाणी आणि मोरीचं पाणी जागा असेल तर परड्यात केळी, कर्दळ, अळू यांना वेगळं सोडा. मुरण्याच्या जागेवरचा अर्धा भार हलका होतो. मोरीच्या पाण्याला आधी तेल-तूप अडवणारं छोटं चेंबर करा.

मुरण्याच्या जागेवर काय चालतं आणि काय चालत नाही?

गवत चालतं, फुलझाडं चालतात. वड, पिंपळ, उंबर जवळपास नकोत, नारळही लांब ठेवा. ट्रॅक्टर उभा करू नका, गुरं बांधू नका, पेव्हर बसवू नका. बांधकाम सुरू असताना तर त्या तुकड्याला दोरी बांधून ठेवा. खडीचा डंपर एकदा तिथे वळला की चाकाखालची माती दाबून बसते, मग ती चाचणी कुणाच्या उपयोगाची?

टाकी उपसायची वेळ आली की काय बघायचं?

जागा ठरवताना हेही बघा की सक्शनची गाडी टाकीजवळ पोचते का. बोळात गाडी येत नाही म्हणून माणूस उतरवणारे अजून आहेत. ते करू नका. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतो. झाकण काढल्यावर वास येत नाही म्हणून आत उतरलेला माणूस दोन श्वासांत पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाकडून टाकी साफ करून घेणं गुन्हा आहे, घरमालकावरही; पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलवा. वासाची नळी घराच्या छपरापेक्षा दोन मीटर वर न्या आणि तोंडाला डासांची जाळी लावा. शेण, गूळ, बाजारातली पावडर यांची टाकीला गरज नसते.

परवानगी कुणाची लागते?

गावात ग्रामपंचायतीच्या पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकारी), शहरात महापालिकेकडे बांधकामाच्या नकाशाबरोबरच. अर्ज कन्नडात असतो, मिस्त्री मराठी बोलतो आणि जेसीबीवाला दोन्ही. नकाशावर टाकी, चर आणि आजूबाजूच्या सगळ्या विहिरी फुटांत अंतर लिहून दाखवा. उद्या शेजाऱ्याशी वाद झाला तर तो कागद कामी येतो.

खड्डा आधीच चुकीच्या जागी झालाय. आता?

आमच्याच घरी झालं होतं. खानापूर तालुक्यात गावाकडे, जांभ्यात, विहिरीपासून पंचवीस पावलांवर आणि तेही चढणीला. बांधणाऱ्या कंत्राटदाराला जागा कुठे म्हणून विचारलं तर त्याने जीप जिथे उभी होती ती दाखवली. आम्हीही मान हलवली. पाण्याला चव होती, रंग होता, कशातच खोट नव्हती. एका पावसाळ्यात घरातल्या तिघांना पाठोपाठ जुलाब झाले तेव्हा एचटूएसच्या बाटलीत, म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू असले की काळ्या पडणाऱ्या तपासणीच्या बाटलीत, पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली शाईसारखी काळी होती.

मग क्रम असा ठेवला, तुम्हीही असाच ठेवा. आधी विहिरीचं पाणी पिणं बंद, किंवा खळखळून उकळून. मग टाकी उपसून तळ आणि भिंती नव्याने गिलावा करून घट्ट केल्या. जुना खड्डा सोडून दिला, त्यात चुना टाकून मुरमाने बुजवला. नवे चर विहिरीच्या उतरणीला, शंभर फुटांपलीकडे, वाळूचं अस्तर देऊन. विहीर उपसून ब्लीचिंग पावडर टाकली आणि दर महिन्याला बाटली लावत राहिलो. ती स्वच्छ यायला दुसरा पावसाळा उलटावा लागला.

आता तीन वर्षं बाटली काळी पडलेली नाही. आई तरीही त्या पाण्याने फक्त भांडी घासते.